टपालाने आलेला बगळा

आमच्या घरातला कॉम्प्युटर यंदा ज्येष्ठातल्या पहिल्या पावसात वारला. 'बिघडला' असे न म्हणता मी मुद्दाम 'वारला' म्हणतो, कारण आमच्या घरात त्या दिवशी वातावरण तसेच होते. संध्याकाळी आभाळ भरून आले, लातूरच्या बाजूने वीज कडाडली आणि चाकूरची लाईट गेली. दहा मिनिटांनी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. त्या येण्याजाण्यात कॉम्प्युटर बंद करायचे माझ्या ध्यानात राहिले नाही. त्याच्याजवळची बॅटरीची पेटी दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती आणि तिच्यावर सौभाग्यवतीने मनीप्लँटची बाटली ठेवली होती.

रात्री मी बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली: 'एन-टी-एल-डी-आर इज मिसिंग.' अमुक हरवले आहे, कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबा व पुन्हा सुरू करा. मी दाबले. पुन्हा तीच ओळ. असे मी रात्री साडेअकरापर्यंत करीत होतो. दार लागले आहे हे कळूनही माणूस कडी खडखडवीत राहतो ना, तसे.

हा कॉम्प्युटर मी 2008 साली, नोकरीला लागल्यावर, लातूरहून सुटे भाग जोडून घेतलेला. त्यात विंडोज एक्सपी. त्या एक्सपीला कंपनीने 8 एप्रिल 2014 रोजीच रामराम ठोकला. पण माझ्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हते, त्याचे काम एकच, मराठी टाईप करणे. तेव्हा मी त्याला निवृत्त केले नाही. कॉलेजमधले सहकारी हसत. मराठीच्या प्राध्यापकाचा कॉम्प्युटरही मोडीतला, असे म्हणत. हसोत बापडे.

पण त्यात होते काय, हे सांगितल्याशिवाय पुढची धावपळ वाचकांना कळायची नाही. त्यात माझ्या आईच्या ओव्या होत्या. आईच्या म्हणजे तिने रचलेल्या नव्हेत. तिला येणाऱ्या, आणि तिच्याबरोबर जात्यावर बसलेल्या बायकांना येणाऱ्या. पंधरा वर्षांत मी तालुक्यातल्या आठ-दहा गावांतून अकराशे चाळीस ओव्या जमविल्या होत्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीकडे भूकंप झाला, त्यात घर गमावून माहेरी आलेल्या एका आजींनी सांगितलेल्या ओव्या त्यात होत्या. शिवाय मोबाईलवर घेतलेली आईच्या आवाजाची तीन ध्वनिमुद्रणे. आई 2021 मध्ये गेली. ज्या वह्यांत मी मूळ ओव्या लिहिल्या होत्या, त्यांतल्या निम्म्या माडीवरच्या ट्रंकेत वाळवीने फस्त केल्या. आणि पुस्तक? पुस्तक 'पुढच्या वर्षी' निघणार होते. गेली सात वर्षे ते पुढच्याच वर्षी निघणार होते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पोतवॅं या दोघांनी एक लाखाहून अधिक ओव्या हजारावर गावांतून गोळा केल्या. त्या आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात कोणालाही वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. बर्नार बेल या संशोधकाच्या साहाय्याने त्यांनी हे सारे कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवले, म्हणून ते टिकले. ती माणसे एक लाख ओव्या सांभाळतात आणि मला अकराशे सांभाळता येऊ नयेत, याची लाज त्या रात्री मला फार वाटली.

सकाळी लातूरच्या एका दुकानात फोन लावला. दुकानदाराने लक्षण ऐकून घेतले आणि म्हणाला, "घेऊन या सर. फॉरमॅट मारावा लागेल." मी विचारले, आतल्या मजकुराचे काय? तो म्हणाला, "डेटा जाईल. बॅकअप असेल ना?"

फॉरमॅट हा शब्द आता आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून गिरणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कॉम्प्युटरला काहीही झाले तरी त्यावर हे एकच औषध दिले जाते. घरात उंदीर झाला म्हणून घर पाडून नवे बांधावे, तशातला प्रकार. घर नवे होते हे खरे.

मी कॉम्प्युटर रिक्षात घातला, पण लातूरच्या गाडीकडे न जाता आमची एक जुनी विद्यार्थिनी झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचे दुकान चालविते तिकडे वळलो. पीकविम्याचे अर्ज, सातबारा, शाळेचे दाखले, सगळे तिच्याकडे. बी. ए.ला ती माझ्या वर्गात होती. व्याकरणाच्या पेपरात समासाच्या प्रश्नाला तिला शून्य मिळाले होते, आणि ते मीच दिले होते. ही आठवण तिला असू नये अशी प्रार्थना करीत मी पायरी चढलो.

"फॉरमॅट मारा म्हणून कुणी सांगितलं सर?" ती म्हणाली. "अजिबात मारू नका. हार्ड डिस्क मेली नाही अजून. ऐका की, फिरायली."

मी कान लावला. खरेच, आत काहीतरी फिरत होते.

"आधी आतलं सामान बाहेर काढू, मग घर झाडू. तुमच्याकडं लायनक्सची एखादी जुनी सीडी हाय का? ह्या मशीनला माझा पेन ड्राइव्ह चालंना गेलाय. लई जुनी हाय."

आणि मला बगळा आठवला.

येथे थोडे मागे जातो. 2005 ते 2011 या काळात उबुंटू नावाची संगणकप्रणाली जगात कोणालाही फुकट, टपालखर्चही न घेता, सीडीवर घरपोच मिळत असे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 साली लायनक्सचा गाभा लिहिला. त्या गाभ्यावर उभारलेल्या अनेक प्रणालींपैकी ही एक. ती काढणारा मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा. 2002 साली पदरचे पैसे मोजून अंतराळात जाऊन आलेला गृहस्थ. 'उबुंटू' हा तिकडच्या भाषांतला शब्द, अर्थ साधारण माणुसकी. 2008 मध्ये लातूरच्या एका सायबर कॅफेत बसून मी गंमत म्हणून अर्ज भरला होता. काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचे एक पाकीट घेऊन दारात उभा! चाकूरला परदेशचे पाकीट म्हणजे शेजारीपाजारी विचारणारच. आई तर घाबरली. मुलगा देश सोडून चालला असे तिला वाटले.

या उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला एका प्राण्याचे नाव असते. आधीच्या आवृत्त्यांत पाडस होते, वानर होते. 2008 च्या एप्रिलमध्ये निघालेल्या आवृत्तीचे नाव 'हार्डी हेरॉन'. म्हणजे आपल्या भाषेत काटक बगळा. ती तबकडी (सीडीला मी तबकडीच म्हणतो, आमच्या पिढीने तो शब्द ग्रामोफोनबरोबर पुरून टाकायचे कारण नाही) मी एकदाही न वापरता कपाटात ठेवली. तिच्या सोबतच्या बाकी सीड्या पुढे शेतात गेल्या. ज्वारीवरची पाखरे उडवायला दोरीला बांधून त्या छान चमकतात. बगळा वाचला तो केवळ त्याचे पुठ्ठ्याचे पाकीट देखणे होते म्हणून.

घरी जाऊन ती शोधून आणली. पाठीवर बुरशीसारखा डाग होता. मी रुमालाने गोल गोल पुसू लागलो तशी पोरीने हातातून काढून घेतली. "सर, गोल नाही पुसायचं. मधून काठाकडं पुसायचं." कारण तबकडीवरची रेघ चक्राकार असते, गोल पुसताना ओरखडा पडला तर एका ठिकाणचा मजकूर सलग जातो, आडवा पडला तर थोडाथोडा जातो आणि तो यंत्राला सावरून घेता येतो. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येते, सीडीचा किरण आतून बाहेर जातो. ही तबकडी कारखान्यात ठशाने छापलेली होती म्हणून इतकी वर्षे टिकली. आपण घरी भरतो त्या सीडीत रंगाचा थर असतो, तो उन्हाने आणि काळाने विटतो.

आता ही तबकडी करते काय? त्यासाठी कॉम्प्युटर उठतो कसा ते पाहिले पाहिजे. बटण दाबल्याबरोबर त्याला काहीच येत नसते. एका चिपमध्ये कोरून ठेवलेला छोटासा कार्यक्रम तेवढा जागा होतो. तो हातपाय चाचपतो, म्हणजे मेमरी आहे का, कळफलक आहे का. आणि मग ठरलेल्या क्रमाने विचारीत जातो, कोणापाशी पुढची आज्ञा आहे? माझ्या जुन्या यंत्रात तो हार्ड डिस्कचा अगदी पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा 512 बाइटांचा. आजच्या युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे त्या कप्प्यात जेमतेम 170 चिन्हे बसतील, दोन ओव्या म्हणा ना. एवढ्याशा जागेतली आज्ञा दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला, आणि अखेर सारी विंडोज उभी राहते. माझ्या यंत्रात ही दुसरी कडीच तुटली होती. तिसरीपासून पुढे सगळे शाबूत; फक्त हाक मारणारे कोणी नव्हते.

या उठण्याला इंग्रजीत 'बूट' म्हणतात. आपल्याच बुटाच्या वाद्या धरून स्वतःला वर उचलणे, अशी ती मूळची कल्पना. व्याकरण शिकविणाऱ्याला ही व्युत्पत्ती फार आवडली. चप्पल घालणाऱ्या समाजाला कॉम्प्युटर सुचला असता तर काय म्हटले असते, हा विचार मी मोठ्याने बोलून दाखविला. पोरगी हसली नाही. तिच्यापुढे रांगेत चार शेतकरी उभे होते.

बगळ्यासारखी तबकडी ही हाक बाहेरून मारते. हार्ड डिस्कला वगळून ती आपली स्वतःची प्रणाली थेट मेमरीत उभी करते. सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करण्याचे सर्वमान्य तंत्र 1995 साली ठरले. त्याचे नाव 'एल टोरिटो'. कॅलिफोर्नियातल्या त्या नावाच्या हॉटेलात बसून त्याची आखणी झाली असे सांगतात. पुढे क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने 2000 साली आपल्या आडनावावरून 'नॉपिक्स' नावाची अशी तबकडी काढली. साऱ्या प्रणालीची घडी घालून त्याने ती एका सीडीत बसविली आणि मेलेल्या कॉम्प्युटरांना तिने उठविल्याच्या कथा जगभर झाल्या. आमच्या तालुक्यात वडवळ नागनाथजवळ वनौषधींची टेकडी आहे, तिला लोक संजीवनी बेट म्हणतात. हनुमंताच्या हातून पर्वताचा तुकडा तिथे पडला अशी श्रद्धा. लक्ष्मण उठला, पण त्याच्या अंगातला बाण आधी कोणीतरी काढलाच असेल ना! तबकडीने कॉम्प्युटर उठतो, बरा होतोच असे नाही.

दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर आम्ही तबकडी घातली. यंत्राने तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पुन्हा तीच हरवल्याची ओळ. आतली रुपयाएवढी बॅटरी संपली होती, म्हणून कोणापाशी आधी विचारायचे तो क्रमही विसरला होता आणि तारीखही. त्याच्या लेखी ती 2007 ची 1 जानेवारी होती. (आई तेव्हा हिंडतीफिरती होती.) पोरीने सुरुवातीलाच डिलीटची कळ दाबून निळ्या पडद्यावर सीडीचा क्रमांक पहिला केला. तबकडी घरघरली. यादी आली, तिच्यातले पहिलेच वाक्य असे की, तुमच्या कॉम्प्युटरात काहीही बदल न करता वापरून पाहा. इतके सभ्य वाक्य मी कॉम्प्युटरच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

सात-आठ मिनिटे गेली. मग तांबूस पडद्यावर एक बगळा उभा राहिला. खरेच चित्र होते बगळ्याचे!

पण माझी हार्ड डिस्क उघडेना. लाईट गेल्यामुळे ती नीट मिटलेली नव्हती, आणि न मिटलेल्या वहीला हात लावायला बगळा तयार नव्हता. पोरीने मोबाईलवर काही शोधले आणि काळ्या चौकटीत एक लांब ओळ टाईप केली. शेवटचा शब्द 'फोर्स'. बळजबरी. "आता उघडंल. पण आपण आत काही लिहायचं नाही, नुसतं वाचून घ्यायचं," ती म्हणाली. उघडले. 'ओव्या' नावाचे फोल्डर जसेच्या तसे. तेवीस फाइली. सगळ्या मिळून दोन एमबीसुद्धा नव्हत्या. पेन ड्राइव्हवर यायला त्यांना श्वास घेण्याइतका वेळ लागला. पंधरा वर्षांची पायपीट आणि ती अशी.

ध्वनिमुद्रणांपैकी दोन आली. तिसऱ्याची नक्कल अर्ध्यावर अडली. डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. पोरीने आणखी दोनदा प्रयत्न केला व मग हात काढला. "जास्त ओढाताण केली तर बाकीचंबी जाईल सर." जेवढे आले तेवढे वाजते. सात मिनिटे जात्याची घरघर आणि आई. मग एका शब्दाच्या मधोमध शांतता. पुढे ती काय म्हणाली होती ते मला आठवत नाही. मीच मोबाईल धरून समोर बसलो होतो.

मी पेन ड्राइव्ह खिशात घालून निघणार तोच तिने विचारले, "सर, टायपिंग कोणत्या फॉन्टात केलंय?"

हा प्रश्न तिने विचारला नसता तर माझी अर्धी मेहनत फुकट गेली असती. आपल्याकडे 1990 नंतरची कित्येक वर्षे मराठी मजकूर ज्या फॉन्टांत टाईप झाला, त्यांत अक्षरे खऱ्या अर्थाने मराठी नसतात. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. तो फॉन्ट असेल तोवर 'जाते' दिसते. फॉन्ट गेला की तिथे डॉलर, टोपी, उद्गारचिन्ह यांची जत्रा. 1991 साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. परंतु छापखान्यांच्या सवयीमुळे माझ्यासारखे लोक जुन्यालाच चिकटून राहिले. तिने विंडोजच्या पोटातून फॉन्टांचे फोल्डरही काढून दिले. समासाला शून्य मिळालेल्या मुलीने माझे व्याकरण त्या दिवशी असे वाचविले.

सर्व काढून झाल्यावरच तिने दुरुस्तीला हात घातला, आणि हा क्रम फार महत्त्वाचा. एक्सपीच्या मूळ सीडीवरून यंत्र सुरू करून, आर दाबून, तिने हरवलेली ती फाइल व तिची एक जोडीदारीण जागेवर आणून ठेवली. पाच मिनिटांचे काम! विंडोज उठली, नेहमीचे संगीत वाजले. मग रात्रभर डिस्कची तपासणी चालू ठेवली. सकाळी निदान आले: डिस्कवर खराब जागा पुष्कळ आहेत, हिच्यावर विसंबू नका. लातूरच्या सल्ल्याप्रमाणे आधी फॉरमॅट मारला असता तर नव्या विंडोजने कोणाच्या जागेवर मांडी ठोकली असती, हे परमेश्वरालाच ठाऊक.

हे काही आमच्या चाकूरच्या लाईटीपुरतेच घडते असे नाही. 19 जुलै 2024 च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष फाइलीने जगातले सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले. हा आकडा खुद्द मायक्रोसॉफ्टने दिलेला. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. औषध? प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते निराळ्या वाटेने सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी पेन ड्राइव्हवर घालायचे साधन काढले. म्हणजे तिकडचा बगळाच. फक्त मोठ्या तळ्यावरचा.

ज्यांच्याकडे नवे लॅपटॉप आहेत त्यांनी मात्र एक गोष्ट करावी. या यंत्रांत सीडीची फट नसते, तेव्हा आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर अशी प्रणाली यंत्र धडधाकट असतानाच भरून ठेवावी. आणि कित्येकांच्या डिस्कला बिटलॉकर नावाचे कुलूप विकतानाच लागलेले असते. त्याची 48 आकडी किल्ली आजच शोधून कागदावर उतरवून घ्यावी. किल्ली नसेल तर बगळा दारात येऊनही उपाशी परत जातो.

पोरीने पैसे घेतले नाहीत. फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "पुस्तक निघाल्यावर एक द्या." मी म्हणालो, पुढच्या वर्षी. ती माझ्याकडे अशी पाहू लागली की पेपर मी तपासत नसून ती तपासते आहे.

तेव्हा श्रावणापासून रोज रात्री वीस ओव्या, असे चालले आहे. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणारा कार्यक्रम आहे, पण तो ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर टाकतो आणि रफार तर कुठेही उडवितो. प्रत्येक ओळ वाचून पाहावी लागते. चारशे बाराव्या ओवीच्या अखेरीस मला नुसती टिंबे सापडली. कार्यक्रमाची चूक समजून जुन्या फाइलीत पाहिले, तर तिथेही टिंबेच. मग आठवले. आई म्हणाली होती, शेवटचा शब्द आत्ता येत नाही, आठवला की सांगते. ती टिंबे मी तशीच ठेवली आहेत.

यंदा खंडेनवमीला सौभाग्यवतीने विळी, शिलाईमशीन, माझी स्कूटर यांच्याबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिले. पाकिटातून बगळा काढून त्याच्यावरही बोट टेकणार, तेवढ्यात मी ओरडलो. "अहो, देवाचं कुंकू आहे ते, त्याने काय होतंय?" म्हणाली. शेवटी पाकिटावर लावायचे ठरले, तबकडीवर नाही.